भाऊबीजेला ओवाळलं आणि हक्कसोड पत्र पुढे आलं. सही करू का?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. माहेरी माडीवर बसून मोबाईलवर लिहिते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मंगळवारच्या आत मला ठरवायचं आहे.

मी कोइमतूरला असते. नवऱ्याचं सोन्या-चांदीच्या गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं, दुकान आहे. विटा-आटपाडीकडच्यांना हे वेगळं सांगायला नको, आमच्याकडे घरटी एक माणूस गलाईपायी परमुलखात आहे. माहेर आटपाडी तालुक्यात. साडेपाच एकर रान, वडिलोपार्जित. माझ्या लहानपणी त्यात बाजरी आणि मटकी यायची, तीही पाऊस झाला तर. चैत्र लागला की टँकरची वाट बघायची. पुढे टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, डाळिंब लागलं, आणि ज्या रानाकडे कुणी वळून बघत नव्हतं त्याला भाव आला.

आम्ही तिघं. अक्का सगळ्यांत मोठी, मग मी, धाकटा बापू. २०१५ साली आप्पांना अर्धांगवायू झाला. बापू तेव्हा चाकणला एका कंपनीत नुकताच कायम झाला होता. नोकरी सोडून घरी आला. पुढची नऊ वर्षं आप्पांचं सगळं त्यानं केलं. मी वर्षातून दोनदा यायची, चार दिवस राहायची आणि डोळे पुसत परत जायची. तो मात्र रोज एका हातानं आप्पांची मान सावरून दुसऱ्या हातानं दहीभात भरवायचा. वाकड्या ओठातून शीत बाहेर आलं की बोटानं हळूच परत आत सारायचा. अंथरुणातले कपडे स्वतः धुवायचा, भावजयीला हात लावू द्यायचा नाही. आप्पा गेल्या वर्षी गेले.

काल भाऊबीज झाली. दोघींनी ओवाळलं. ताटात पाचशेची नोट आणि साडी पडली. जेवणं आवरल्यावर बापूनं कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत हक्कसोड पत्राचा, म्हणजे रानातला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचा, मसुदा होता. म्हणाला, "मंगळवारी आटपाडीला रजिस्टरला जाऊन येऊ. अर्ध्या तासाचं काम हाय." आई भिंतीला टेकून वाती वळत होती, तिनं मान वर केली नाही.

खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. मी हो म्हणणारच होते. मला देवानं दिलंय. बापूनं जे केलं त्यापुढे ५५ गुंठे काय मोठे? आईसकट चार वाटेकरी धरले तर तेवढेच येतात वाट्याला.

पण तेवढ्यात अक्का बोलली. "धाकली म्हणंल तसं. तिनं दिली तर मी काय मागं ऱ्हाणार हाय का?"

अक्का तासगावकडे दिली आहे. दाजींनी असलेला दीड एकर दारूपायी आणि कर्जापायी घालवला, आणि सहा वर्षांपूर्वी ते गेले. अक्का एक्कावन्न वर्षांची आहे आणि रोज दुसऱ्याच्या द्राक्षबागेत जाते. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावायचं काम असतं. हातमोजे देतात, पण फाटले तरी तेच घालायचे. ती बोलत होती तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत होते. चार बोटांच्या शेंड्यांची सालं निघाली होती. त्याच बोटांनी तिनं मघाशी बापूला कुंकू लावलं होतं.

म्हणजे मी सही केली की तिची झालीच. मी मायेनं सोडणार, ती माझ्यामागे लाजेनं सोडणार. कागदावर मात्र दोघींपुढे एकच वाक्य: "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय."

मी काय करू?

कृष्णाकाठ

सही करून टाका. बापूसारखा भाऊ नशिबानं मिळतो. मी माझ्या भावाला सही दिली, आजही गौरी-गणपतीला पहिली गाडी माझ्या दारात येते. जमीन काय वर नेता येते? अक्काला मदत करायचीच असेल तर तुम्ही कोइमतूरहून पैसे पाठवा. त्यासाठी माहेर पेटवायची गरज नाही.

जुना_जाणता

एक शंका. थोरल्या बहिणीचं लग्न कधी झालं? १९९४ च्या आधी झालं असेल तर तिला वडिलोपार्जित जमिनीत हक्कच नाही. आमच्या तलाठी भाऊसाहेबांनी हेच सांगितलं होतं. मग हा प्रश्नच उरत नाही.

माणदेशी_लेक

१९९२ ला झालं. बापूच्या ओळखीच्या एका दस्त लिहिणाऱ्यानंही कालच हे वाक्य ऐकवलं. अक्का शेजारीच बसली होती. तिनं फक्त पदर सावरला.

वकील_मावशी

जुना_जाणता, तुमची माहिती एकेकाळी बरोबर होती, म्हणूनच ती अजून गावोगाव फिरते. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायक, म्हणजे मुलांसारखंच जन्मानं वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. पुढे केंद्रानं हिंदू उत्तराधिकार कायदा दुरुस्त केला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लग्नाची ही अट उरली नाही. तरीही "त्या दिवशी वडील हयात हवेत" असा वाद चालूच राहिला. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात संपवला. हक्क जन्मानं येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप होऊन गेलं असेल तर ते उकरता येत नाही. तुमच्याकडे वाटप झालेलंच नाही. अक्काचा हक्क तुमच्याइतकाच आहे, एक गुंठा कमी नाही.

आता कामाचं सांगते.

वारस नोंद वेगळी आणि हक्कसोड वेगळं. बापूला घाई कशाची आहे ते विचारा. सातबारा आपल्या नावावर व्हायला हवा म्हणून घाई असेल, तर आधी चौघांची वारस नोंद होऊ द्या. तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार (नावबदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. यात कुणी काही सोडत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, हेही अक्काला सांगा. सातबारा महसुलासाठी असतो.

हक्कसोड मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड असतं. फसवणूक झाली किंवा जबरदस्ती झाली हे सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. "मला वाईट वाटलं म्हणून सही केली" याला कोर्टात काही किंमत नाही.

आईनं या कागदावर सही करू नये. हे मी पुन्हा लिहिते: आईनं सही करू नये. आई-वडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात सोय अशी आहे, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. पण कागदात ती अट लिहिलेलीच नसेल तर म्हातारीला हेलपाटे पडतात. बापू चांगलाच आहे. पण कागद बापूनंतरही राहतो.

आणि तुमच्या मसुद्यात एक ओळ नीट वाचा. हक्क कुणाच्या लाभात सोडताय? हक्कसोड भावाच्याच नावे करायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. बहिणीच्या नावेही होतं.

माणदेशी_लेक

मावशी, शेवटची ओळ तीनदा वाचली. हे मला माहीतच नव्हतं. आजवर ऐकलेलं प्रत्येक हक्कसोड भावाच्या नावे झालं होतं. दुसरं काही असू शकतं हे मनातसुद्धा आलं नाही.

बांधावरचा

मी भाऊ आहे, बारामतीकडचा, ऊस आणि थोडी भाजी. भावाची बाजू कुणी तरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

चार नावांच्या सातबाऱ्यावर शेती करणं सोपं नसतं. सोसायटीचं पीककर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. एक बहीण पुण्यात, एक सुरतेत. विहिरीचा किंवा ठिबकचा अर्ज केला की संमतीपत्र आणा. पंधरा वर्षं ज्यानं बांध राखला त्याच्या पोटात भीती असते, की उद्या दाजी किंवा भाचा येऊन एखादा तुकडा परक्याला विकून जाईल. ही भीती म्हणजे लोभ नव्हे. बापूच्या मनात हेच असेल तर त्याला लगेच वाईट ठरवू नका.

आता दुसरी बाजू, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही.

माझ्या दोन्ही बहिणींनी २००९ ला सही दिली. हसत दिली. ऑफिसातून बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली. पाच वर्षांनी धाकटी घरी आली. पोराच्या कॉलेजच्या फीसाठी चाळीस हजार हवे होते. ती दारातच उभी राहिली, आत येऊन बसलीच नाही. "उसने दे दादा, दिवाळीपर्यंत फेडते." मी दिले. तिनं खरंच फेडले, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता घेताना माझे हात कापले. त्या वर्षी उसाचं बिल सव्वातीन लाख आलं होतं. निम्मं रान बहिणींचं होतं आणि तिनं माझ्याकडून उसने घेतले होते.

परत देऊ म्हटलं तर आता तीच घेत नाही. म्हणते, "लोक काय म्हणतील, बहिणीनं दिलेलं परत मागितलं." बापूला माझं हे दाखवा, जमलं तर.

कृष्णाकाठ

हे वाचून गप्प बसले. माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पण एक कबूल करते. मला पैशाची गरज कधी पडली नाही म्हणून माझी सही गोड राहिली.

वाड्यातली_आजी

मी ७१ वर्षांची. नातीकडून टाइप करून घेते आहे.

मी १९८८ साली सही केली. तेव्हा मुलीला आजच्याइतका हक्क नव्हता, तरी वडिलांच्या हिश्श्यात वाटा होताच. भावानं वाड्याच्या ओसरीवर कागद ठेवला. आईनं नवी साडी नेसवली, ओटी भरली. मला वाटलं आपण फार मोठं केलं. मनात एकच होतं, माहेर राहील.

पहिली तीन वर्षं बोलावणं आलं. मग भावजयीची आजारपणं निघाली, मग पोरांच्या परीक्षा. नंतर आई गेली आणि माहेर गेलं. भांडण काही झालं नाही. बोलावणं येईनासं झालं, एवढंच. भाऊ वाईट नव्हता. पण मी काही दिलंय हे त्याच्या घरात कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. बहिणी द्यायच्याच, असं धरलेलं. सूर्य उगवतो तर त्याचे आभार कोण मानतं?

बाळ, भावाला द्यायचं तर त्यानं आप्पांची सेवा केली म्हणून दे. माहेर टिकावं म्हणून देऊ नकोस. ते सहीनं टिकत नाही.

वर्धेचा_मास्तर

थोडं वेगळं. आमचे वडील शेतकरी संघटनेत होते. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा आमच्या गावातल्या काहींनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. वडिलांनी आईच्या नावे एक एकर केली. तेव्हा पारावर लोक हसले. पुढे वडील गेले, दोघा भावांत भांडण झालं, दोन्ही सुना फणकारल्या. पण आईला कुणी "कुठं राहणार" असं विचारलं नाही. ती आपल्या एकरावरची तूर विकायची आणि नातवंडांना पैसे द्यायची. एका एकरानं म्हातारीचा आवाज घरात राहिला. मी हे अक्कासाठी लिहितो आहे. तिला पैसे पाठवा हा सल्ला चांगला आहे, पण पाठवलेल्या पैशावर माणसाचा आवाज चढत नाही.

नाशिककर

लग्नाच्या खर्चाचं काय? आमच्याकडे भाऊ हाच मुद्दा काढतात. तुमच्या लग्नात एकर गेला, आता कसला वाटा?

माणदेशी_लेक

आमच्याकडेही निघाला. आज सकाळी भावजय चुलीपाशी म्हणाली, थोरल्या वन्सांच्या लग्नाला आप्पांनी तीस गुंठे विकले होते. खरं आहे. पण ते तीस गुंठे अक्कानं खाल्ले नाहीत. वरातीत, हुंड्यात आणि दाजींच्या घड्याळात गेले. अक्काला नवरा तरी कुणी विचारून दिला होता? हे मी भावजयीला बोलले नाही. ती वाईट नाही. नऊ वर्षं सासऱ्याच्या आजारपणात तिचीही उमेद गेली, माहेरी राहायला गेली नाही ती. तिचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही.

नाशिककर, तुमच्या प्रश्नानं मला माझं गणित लागलं. बापूचं आमच्यावर ऋण आहे, शंभर टक्के आहे. पण ते फेडायचं तर मी माझ्या वाट्यातून फेडायला हवं. मी अक्काच्या वाट्यातून फेडायला निघाले होते आणि त्याला त्याग म्हणत होते.

वकील_मावशी

आता बापूशी बोलायचं तर त्याची भीती आधी घालवा. बांधावरचा म्हणतात ती, परक्याला विकण्याची. उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसानं वारसाहक्कानं आलेला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्या वारसांचा पहिला हक्क असतो. शिवाय तुम्ही बहिणी त्याला लिहून देऊ शकता, की रान विकणार नाही, कसायला त्याच्याकडेच राहील, वर्षाला ठरेल तो खंड अक्काला मिळेल. कर्जाला संमती देऊ हेही लिहा. एवढ्यावर बऱ्याच घरांत वाद मिटतो, कारण वाद मालकीचा कमी आणि धास्तीचा जास्त असतो. कधीकधी मिटत नाही, तेही सांगून ठेवते.

आणि अक्काशी एकटीनं बोला. बापूसमोर नाही, आईसमोर नाही.

कृष्णाकाठ

मावशींना अनुमोदन. अक्काला "तुला हवं का" असं विचारू नका. आपल्या पिढीच्या बायका त्याला नाहीच म्हणतात. तुमच्या मनातलं आधी सांगा.

बांधावरचा

आज सोमवार. काय झालं ताई?

माणदेशी_लेक

रात्रीचे अकरा वाजलेत. सगळं लिहिते.

दुपारी बापूला रानात गाठलं. तो ठिबकच्या नळ्या साफ करत होता. मी म्हटलं, उद्या हक्कसोडला येणार नाही, चौघांची वारस नोंद करू. तो खाली बघत नळी फुंकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी आप्पांचं केलं ते मजुरीवर केलं व्हय? आता हिशेब करायचा?" मी त्याला सांगितलं, हिशेब तुझ्याशी नाही. तू आप्पांचं जे केलंस त्यासाठी माझ्या वाट्यातलं तू म्हणशील तेवढं तुझं, आणि ते मी माझ्या हातानं लिहून देईन. पण अक्काचं मी देऊ शकत नाही, ते माझं नाही. तो म्हणाला, अक्कानं कधी मागितलंय का? मी म्हटलं, कधी विचारलंय का?

तो उठून गेला. संध्याकाळी जेवायला आला नाही, वस्तीवरच झोपतो म्हणून निरोप पाठवला. आईनं भाकरी फडक्यात बांधून ठेवली. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज चार वर्सांनी घर भरलं हुतं." बाकी काही नाही. त्या एका वाक्यानं माझ्या पोटात खड्डा पडला. तो अजून आहे. बापू उद्या बोलेल की नाही माहीत नाही. पुढच्या भाऊबीजेला या उंबऱ्यात पाय पडेल की नाही तेही माहीत नाही.

मग अक्का. ती माडीवर माझ्याच शेजारी निजते. दिवा घालवल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तुझं लग्न कुठल्याही साली झालं असलं तरी तुझा वाटा आहे. मी सही करणार नाही, म्हणून तुलाही करायची गरज नाही. माझ्यातलं थोडं बापूला देईन आणि तुला हवं असेल तर थोडं तुझ्याही नावे करता येतं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "नगं गं बाय. मला काय करायचंय. बापूचं मन मोडू नगं." मी म्हटलं, बरं. रडू आलं, कूस बदलली.

बराच वेळ गेला. खाली कुत्रं भुंकून गप्प झालं. तेव्हा अंधारातून अक्का हळूच म्हणाली, "पर वाटणी झालीच, तर वड्याकडची पट्टी यील का गं माझ्या वाट्याला? चिचंखालची. आप्पा माझ्या हातानं पेरायला द्यायचं तिथं."